पाच मिनिटांचा हिशेब

आइस हॉकीतला एन्फोर्सर म्हणजे गोलापेक्षा ठोशांसाठी संघात घेतलेला गडी. त्याचं मूळ विचारलं की लोक कॅनडाच्या थंडीकडे आणि तिथल्या रांगड्या स्वभावाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. मारामाऱ्या पहिल्यापासून होत्याच. मार्च १८७५ मध्ये माँट्रियलच्या व्हिक्टोरिया रिंकवर छपराखालचा पहिला जाहीर सामना झाला, त्याचा शेवटही हाणामारीने झाला. १९०५ आणि १९०७ मध्ये तर खेळताना डोक्यात काठी बसून दोन खेळाडू दगावले. पण रागाच्या भरात हात उचलण्याला कोणी पगार देत नाही. पगाराची सोय केली ती एका नियमाने.

१९२२ मध्ये एनएचएल या व्यावसायिक लीगने मारामारीला पाच मिनिटांची शिक्षा ठरवली. हौशी सामन्यांत भांडखोराला सामन्याबाहेर काढत. इथे पाच मिनिटं बाकावर बसलं की गडी पुन्हा बर्फावर. शिवाय भांडायला दोघं लागतात, तेव्हा दोघंही बसणार. आता तुमचा हुकमी गोल करणारा डिवचला जाऊन भांडला, तर नुकसान तुमचं. त्याच्या वतीने शेवटच्या फळीतला कोणी भांडला आणि समोरचा चांगला खेळाडू सोबत घेऊन बसला, तर सौदा फायद्याचा!

हा हिशेब अंगी बाणलेला माणूस १९६३ मध्ये माँट्रियल कनेडियन्सला मिळाला. जॉन फर्ग्युसन. झाँ बेलिव्होसारख्या देखण्या खेळाडूला कोणी धक्काबुक्की करू नये, ही त्याची जबाबदारी. पहिल्याच सामन्यात बाराव्या सेकंदाला त्याने बोस्टनच्या टेड ग्रीनवर हात टाकला. त्याच सामन्यात दोन गोलही केले, हे मात्र विसरलं जातं. कारकिर्दीत त्याचे १४५ गोल आहेत. मूळपुरुषाला खेळ येत होता. वंशजांबद्दल तसं छातीठोकपणे सांगता येत नाही.

१९६७ मध्ये लीगमधल्या सहा संघांचे बारा झाले. नव्यांपैकी फिलाडेल्फिया फ्लायर्सना १९६९ मध्ये सेंट लुइसने हरवलंच, वर अंगबळाने लोळवलंही. मालक एड स्नायडरने ठरवलं की हे पुन्हा होणे नाही. मग धिप्पाड गडी जमवले गेले. त्यातल्या डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५ च्या हंगामात ४७२ मिनिटांची शिक्षा कमावली, म्हणजे जवळजवळ आठ अख्खे सामने. हा विक्रम अजून मोडलेला नाही. तो मुठींना मुष्टियोद्ध्यासारख्या पट्ट्या गुंडाळू लागला, तेव्हा लीगला त्यावरही बंदी आणावी लागली. फ्लायर्सनी १९७४ आणि १९७५ चे स्टॅन्ली कप जिंकले, आणि मग असा एक तरी गडी पदरी असावा असं सगळ्यांनाच वाटू लागलं. एडमंटनमध्ये हुकमी गोल करणाऱ्या वेन ग्रेट्झ्कीच्या पाठीशी डेव्ह सेमेंको उभा असे. १९८८ मध्ये ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला गेला, तो मार्टी मॅकसॉर्लीला बरोबर घेऊनच.

या धंद्याला रीतभातही होती. आधी विचारायचं, हातमोजे टाकायचे, पडलेल्याला मारायचं नाही. १९९२ मध्ये भांडण उकरून काढणाऱ्याला जादा दंड आला आणि जमाखर्च बिघडला. २००५ पासून पगारावर मर्यादा आली, खेळ वेगवान झाला. ज्याला धड स्केटिंग जमत नाही त्याला एक जागा देणं परवडेना.

आणि तोवर शरीरांनी आपली बिलं पाठवायला सुरुवात केली होती. सहा फूट सात इंचांच्या डेरेक बूगार्डने २७७ सामन्यांत तीन गोल केले. २०१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याच्याशी चार वर्षांसाठी ६५ लाख डॉलरचा करार केला. मे २०११ मध्ये दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या मिश्रणाने तो गेला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई सापडला, वारंवार डोक्याला मार बसणाऱ्यांना होणारा विकार. आधीचा एक एन्फोर्सर बॉब प्रोबर्ट, त्याच्या मेंदूतही तोच निघाला होता.

क्वेबेकच्या ज्युनियर लीगने २०२३ पासून मारामारीवर बंदी घातली. एनएचएलने पाच मिनिटांवरच भागवलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रेंजर्सनी मॅट रेम्पी नावाच्या उंचाड्या पोराला पहिल्यांदा उतरवलं. पहिली चकती पडताच त्याने हातमोजे टाकले.