मधुमेही रुग्णाची आत्मनिगा आणि हृदयशस्त्रक्रियेपूर्वीचा काळ : एक ऐतिहासिक टिपण

हृदयशस्त्रक्रियेची तारीख मिळालेला मधुमेही रुग्ण दाखल होईपर्यंत बहुधा आपल्या घरीच असतो. आहार, औषधे, रक्तशर्करेची तपासणी ही सर्व त्या काळात त्याच्या व कुटुंबीयांच्या हाती असतात. शल्यविशारदांचे पराक्रम वैद्यकाच्या इतिहासात विस्ताराने नोंदले गेले. या घरगुती श्रमांचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

बोस्टन येथील डॉ. इलियट जोस्लिन यांनी १९१८ मध्ये, म्हणजे इन्सुलिनच्या शोधापूर्वीच, डॉक्टरांबरोबर रुग्णांसाठीही मधुमेहाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. रुग्णाला शिकविणे हा उपचाराचाच भाग होय, ही त्यांची भूमिका होती. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यात आले आणि या भूमिकेला व्यावहारिक निकड प्राप्त झाली. रोजचे इंजेक्शन देण्यास डॉक्टर घरी येणे शक्य नव्हते. सुई रुग्णालाच हाती घ्यावी लागली.

तपासणीची साधने मात्र मागे राहिली. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवी उकळून विटकरी रंग पाहण्याचा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत केला असेल. अनेक रुग्णांनी तो वर्षानुवर्षे स्वयंपाकघरात केला. त्याची मर्यादा उघड आहे. रक्तातील साखर साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते, म्हणजे ही सूचना नेहमी उशिरा मिळते.

ही कोंडी फोडण्यात एका रुग्णाचा मोठा वाटा आहे. रिचर्ड बर्नस्टाइन हे अमेरिकन अभियंते बालवयापासून मधुमेही होते. १९६९ मध्ये त्यांनी रक्तशर्करा मोजणाऱ्या यंत्राची जाहिरात पाहिली. यंत्र केवळ डॉक्टरांना व रुग्णालयांना विकले जाई. त्यांची पत्नी डॉक्टर असल्याने ते तिच्या नावावर घेण्यात आले! दिवसातून अनेकदा मोजमाप करून त्यांनी स्वतःची साखर आटोक्यात आणली. परंतु अभियंत्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांनी स्वीकारले नाहीत. अखेर पंचेचाळिशीत त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९७८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी घरच्या मोजमापाची उपयुक्तता प्रसिद्ध केल्यावर ही पद्धत प्रतिष्ठित झाली. ज्ञानाच्या क्षेत्रात पदवीचे वजन किती असते, याचा हा दाखला प्राध्यापकवर्गाने विसरू नये.

दरम्यान १९६७ मध्ये क्लीव्हलँड येथे डॉ. रेने फावालोरो यांनी बायपास शस्त्रक्रियेला पद्धतशीर रूप दिले. मधुमेहींच्या बाबतीत छातीच्या हाडालगतचा खोल जंतुसंसर्ग हे मोठे भय होते. पोर्टलंड येथील डॉ. फर्नरी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले की, शिरेतून सतत इन्सुलिन दिल्यास हे प्रमाण २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर येते. २००१ च्या ल्यूव्हेन येथील अभ्यासाने तर अतिदक्षता विभागात साखर अगदी काटेकोर ठेवावी, असा आग्रह निर्माण केला. २००९ च्या सहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत मात्र अशा काटेकोर नियंत्रणाने मृत्यू वाढल्याचे आढळले. आग्रह सैलावला.

या वादात शस्त्रक्रियेपूर्वीचे घरगुती आठवडे झाकोळले गेले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एचबीए१सी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. म्हणजे शल्यविशारदासमोरील तो आकडा वस्तुतः रुग्णाच्या घरातून आलेला असतो. परंतु तो सुधारावा म्हणून शस्त्रक्रिया लांबविणेही निर्धोक नाही, कारण अरुंद झालेली रक्तवाहिनी थांबत नाही. शिवाय केवळ आकड्यावर विसंबणे घातक ठरू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवाव्यात, अशी सूचना अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये दिली. त्यांच्यामुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्लता निर्माण होऊ शकते. घरच्या ग्लुकोमीटरवर त्या वेळी समाधानकारक आकडा दिसत असतो, आणि गोळी थांबविण्याची सूचना रुग्णाला कोणी दिली आहे किंवा नाही, हे तो आकडा सांगत नाही.