उल्हासनगरच्या पत्त्यात आजही 'बॅरॅक नंबर' का असतो?

उल्हासनगरमधल्या एखाद्या जुन्या कुटुंबाचं रेशनकार्ड बघा. सोसायटी, विंग, मजला असलं काही त्यावर सापडणार नाही. पत्ता असतो बॅरॅक नंबर अमुक, रूम नंबर तमुक, उल्हासनगर ४. स्टेशनबाहेर रिक्षात बसलात तरी पहिला प्रश्न ठरलेला, "कौनसा कॅम्प?"

कल्याणहून अंबरनाथकडे जाताना विठ्ठलवाडीनंतर लागणारं हे शहर. ठाणे-डोंबिवलीच्या लोकांना ते माहिती असतं ते जीन्स, फर्निचर आणि 'मेड इन यूएसए' या जोकमुळे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. जोक जुना झाला, पण त्यातले सिंधी इथे आले कसे आणि लष्कराच्या बॅरॅकमध्ये त्यांनी संसार कसा मांडला, हे फारसं कुणी सांगत नाही.

तर गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धात. इंग्रजांना सैन्य आणि सामान हलवायला मुंबई बंदराच्या जवळ, रेल्वेच्या तोंडाशी जागा पाहिजे होती. कल्याण जंक्शन त्यासाठी एकदम बरोबर. गावाबाहेर साधारण १३ चौरस किलोमीटरवर 'कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प' उभा राहिला. ६ हजार सैनिक आणि आणखी ३० हजार माणसांची सोय, एकूण २,१२६ बॅरॅक. मधे लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी बहुतेक बॅरॅकची रचना होती. युद्ध संपलं, सैन्य गेलं आणि कॅम्प ओसाड पडला.

मग आली फाळणी. पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. म्हणजे पंजाबी निर्वासिताला निदान भारतातला पंजाब तरी होता, सिंधी माणसाला स्वतःचं म्हणावं असं राज्यच उरलं नाही. सुरुवातीला बरेच सिंधी हिंदू तिथेच थांबले होते. पण ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि थांबण्यात अर्थ नाही हे त्यांना कळून चुकलं. कराचीहून बोटी भरभरून मुंबईला यायला लागल्या. मुंबईत आधीच जागेची मारामार. सरकारने बोट दाखवलं ते कल्याणच्या रिकाम्या कॅम्पकडे. बघता बघता तिथे जवळपास १ लाख माणसं झाली.

आता विचार करा, सैनिकांना झोपायला बांधलेला हॉल आणि त्यात कुटुंबंच्या कुटुंबं. मधे भिंत नाही. लोकांनी गोणपाट, जुन्या साड्या, चादरी दोरीवर टाकून आपापली 'खोली' केली. पडद्याच्या अलीकडे एकाचा संसार, पलीकडे दुसऱ्याचा. नळ सामायिक, संडास सामायिक. नवीन लग्न झालेलं जोडपं, म्हातारे सासू-सासरे आणि तान्हं मूल, सगळे एकाच पडद्यामागे. हैदराबाद सिंधमध्ये ज्यांचे वाडे होते तेही याच रांगेत उभे होते.

सरकारी शिधा काही कायम मिळणार नव्हता. त्यामुळे नवरा-बायको दोघांनी हातपाय हलवणं भाग होतं. पुरुष सकाळची लोकल पकडून मुंबई गाठायचे. ठोक बाजारातून गोळ्या-बिस्किटं, कंगवे, पेनं, कापडाचे तुकडे उचलायचे आणि गाडीत किंवा फुटपाथवर विकायचे. नफा अगदी थोडा, पण माल त्याच दिवशी संपवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा आणायचा. गोळ्या घेतल्या त्या भावाला विकून फक्त रिकाम्या डब्यावर पैसे कमावल्याचे किस्से आजही सांगतात. इकडे बायका पापड लाटायच्या, लोणची घालायच्या, शिवण करायच्या. सिंधी घरात पाहुण्याला आधी पाणी आणि पापड देतात, त्यामुळे हे काम कुणाला शिकवावं लागलं नाही. सिंधमध्ये घराबाहेर कमवायला न गेलेल्या कितीतरी बायकांच्या हातात पहिला पैसा आला तो या कॅम्पमध्ये. उल्हासनगरच्या 'उद्योजकते'वर बोलताना दुकानांच्या पाट्यांवरची नावं घेतली जातात, या पापडांची आठवण क्वचित निघते.

८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या गावाची कोनशिला बसली. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. कॅम्पचे १ ते ५ नंबर मात्र गेले नाहीत.

जगात अशी दुसरी गोष्ट शोधायची तर अमेरिकेच्या प्रेअरीवर जावं लागेल. प्रेअरी म्हणजे नेब्रास्का, कॅन्सस, डकोटा या भागातला गवताळ माळ. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने तिथे १६० एकर सरकारी जमीन जवळपास फुकट मिळायची. अट एकच, पाच वर्षं तिथे राहा, घर बांधा, जमीन कसा. हजारो जर्मन जोडपी तिकडे गेली. झाडं नव्हती म्हणून मुळांसकट गवताची ढेकळं कापून त्यांच्या भिंती रचल्या. नवरा नांगर धरायचा, बाकीचं सगळं बायकोच्या अंगावर. पाच वर्षं टिकलात की मालकीचा कागद हातात.

उल्हासनगरात तोच कागद म्हणजे सनद. फरक एवढाच की जर्मन जोडपी स्वतःच्या मर्जीने निघाली होती आणि त्यांना शेत मिळालं. सिंधी जोडप्यांना घर सोडावं लागलं आणि मिळाली बॅरॅकमधली एक खोली. सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेचे क्लेम भरायचे, ते तपासले जायचे आणि १९५४ च्या विस्थापित व्यक्ती भरपाई व पुनर्वसन कायद्याखाली भरपाई ठरायची. ज्यांच्याकडे कागद होते त्यांचं भागलं. पण जीव वाचवून बोटीत चढलेल्या माणसाने सातबारा बरोबर घ्यायला पाहिजे होता, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

दोन्हीकडे आणखी एक गोष्ट सारखी आहे, आणि ती अवघड आहे. प्रेअरी रिकामी नव्हती, तिथल्या मूळ रहिवाशांना हटवून ती 'रिकामी' केली गेली. कल्याणच्या आसपासही युद्धाच्या नावाखाली शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या होत्या. त्यात सिंधी निर्वासितांचा काही दोष नाही, ते आले तेव्हा जमिनी आधीच गेलेल्या होत्या. पण युद्ध संपल्यावर जमीन परत मिळेल या आशेवर बसलेली गावं या भागात आहेत. कॅम्पपासून थोड्याच अंतरावर नेवाळीला त्याच युद्धात धावपट्टीसाठी जमीन घेतली होती. जून २०१७ मध्ये नौदलाने तिथे कुंपण घालायला घेतलं तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, छर्रे झाडले गेले. ७५ वर्षं झाली तरी 'जमीन कुणाची' हा प्रश्न तिथे सुटला नव्हता.

उल्हासनगरात प्रश्न वेगळा झाला. कुटुंबं वाढली, जागा तेवढीच राहिली. बॅरॅकच्या पुढे ओटा, ओट्यावर पत्रा, पत्र्याचा स्लॅब, स्लॅबवर मजला. १९६० ला नगरपालिका आली, पण बांधकामं परवानगीसाठी थांबली नाहीत. शेवटी २००६ मध्ये फक्त या एका शहरातली अनधिकृत बांधकामं नियमित करायला राज्य सरकारला वेगळा कायदा करावा लागला. दंड भरून नियमित करून घेणं आजही अनेकांना परवडत नाही.

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,०६,०९८ होती. म्हणजे ३६ हजार माणसांसाठी बांधलेल्या जागेत ५ लाख. आता इथे मराठी, उत्तर भारतीय, पंजाबी सगळेच राहतात. १९६७ मध्ये सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली, पण इथली पोरं घरात आजीशी सिंधी आणि बाहेर हिंदी-मराठी बोलतात. बहुतेक बॅरॅक पाडून त्यांच्या जागी इमारती झाल्या आहेत. वीजबिलावर मात्र जुनाच बॅरॅक नंबर येतो, कारण सनद त्याच नंबरवर निघाली होती.