रक्ताचा डाग आणि गार पाणी

दहावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते तेव्हाची गोष्ट. श्रुतपंचमी जवळ आली होती. निपाणीच्या आमच्या घरात त्या दिवशी कपाटातली शास्त्रं बाहेर काढायची, वारा द्यायचा, जुनी वेष्टनं बदलायची, अशी पद्धत होती. पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांनी षट्खंडागम लिहून पुरा केला, त्याची ती तिथी. एका वेष्टनाला क्रोशाची पांढरी लेस लावायचं काम माझ्याकडं आलं. लेस विणून झाली होती, फक्त शिवायची राहिली होती. शेवटच्या कोपऱ्यात सुई बोटात घुसली आणि लेसच्या दोन पाकळ्या लाल झाल्या.

आईनं बघितलं आणि म्हणाली, "आता हे शास्त्राला चालायचं नाही. उसवून टाक." मी रडवेली होऊन नळाकडं पळाले. चुलीवर पाणी तापलेलंच होतं, ते घ्यायला वाकले तर आज्जी ओरडली, "गरम घालू नको गं! डाग शिजंल."

"डाग शिजेल" हा शब्द मी त्यानंतर कुठल्याही पुस्तकात वाचला नाही, पण रसायनशास्त्र म्हणतं ते तेच. रक्तात प्रथिनं असतात. उष्णता लागली की ती घट्ट होतात आणि धाग्याला धरून बसतात. पुस्तकांत इथं अंड्याचं उदाहरण देतात. आमच्यासारख्या घरात दुधाचं पातेलं आठवावं. तळाला करपलेला थर निघता निघत नाही, तसंच हे. शिवाय रक्तात लोह असतं, म्हणून जुना डाग लाल राहत नाही, तपकिरी होतो आणि मग जास्तच हट्टी होतो.

आज्जीनं गाळून, उकळून गार केलेलं पाणी तांब्यात घेतलं. (आमच्याकडं पाणी गाळल्याशिवाय कशालाच वापरत नसत, डाग धुवायलाही नाही.) चिमूटभर मीठ टाकलं. लेस चोळली नाही. उलटी करून जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यावर ठेवली आणि मागच्या बाजूनं, कडेकडून मध्याकडं, ओल्या फडक्यानं टिपत गेली. चोळलं की विणीची भोकं ताणतात आणि डाग पसरतो. फडक्याची जागा बदलत बदलत अर्धा तास गेला. मग रिठ्याचं पाणी.

मी विचारलं, "आज्जी, हे तुला कुणी शिकवलं?" ती हसली. आई आत गेल्यावर हळूच म्हणाली, "आम्ही आयुष्यभर दुसरं काय धुतलं?"

तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. महिन्याच्या चार दिवसांत जुन्या लुगड्याच्या घड्या वापरायच्या, पहाटे कुणी उठायच्या आत गार पाण्यानं धुवायच्या, आणि दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवायच्या. उन्हात वाळवल्या असत्या तर आरोग्याला बरं झालं असतं, पण दिसता कामा नये! ज्या दिवसांत शास्त्राला हात लावायचा नाही, त्याच दिवसांतली विद्या शास्त्राच्या वेष्टनाला उपयोगी पडली. ही विद्या कुणी लिहून ठेवली नाही. लिहायला लाज वाटत होती म्हणून.

लिहिलेला इतिहास दुसरीकडून सुरू होतो, आणि तो वाचताना मला दोनदा पुस्तक मिटावंसं वाटलं. जर्मनीत ओटो रोम नावाचे रसायनतज्ज्ञ होते. त्या काळी कातडी मऊ करण्यासाठी कुत्र्यांची विष्ठा वापरत. 1907 च्या सुमारास रोम यांनी तिच्याऐवजी जनावरांच्या स्वादुपिंडातला पाचक रस वापरून दाखवला. कातडी कमावणाऱ्यांची घाण त्यामुळं सुटली. मग त्यांना सुचलं की जो रस पोटातली प्रथिनं पचवतो, तो कपड्यावरचीही पचवेल. 1913 मध्ये त्यांनी पेटंट घेतलं आणि ‘बुर्नुस’ नावाची धुण्याची पूड बाजारात आली. त्यात मुख्यतः धुण्याचा सोडा आणि थोडा हा रस. म्हणजे रक्ताचा डाग काढायला आलेलं पहिलं कारखानी औषध कत्तलखान्यातून, चामड्याच्या कारखान्यामार्गे आलं.

आपल्याकडं साबणाबद्दल असाच संशय होता. विलायती साबणात चरबी असते म्हणून जैन आणि वैष्णव घरांत तो स्वयंपाकघराच्या बाजूला येऊ देत नसत. रिठा, शिकेकाई, राख यांवर भागत असे. 1918 मध्ये गोदरेजनं वनस्पती तेलाचा ‘चावी’ साबण काढला, तो आमच्यासारख्यांना मोठा दिलासा होता.

पाचक पुडीची गोष्टही पुढं बदलली. 1959 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जनावराऐवजी जिवाणूंपासून मिळवलेला रस घातलेली पूड आली, आणि काही वर्षांत डेन्मार्कच्या नोवो कंपनीनं तो मोठ्या प्रमाणावर तयार केला. जनावराचं स्वादुपिंड मागं पडलं. पण पूड बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना दम्याचा त्रास होऊ लागला, 1969 मध्ये ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि मग ही धूळ उडू नये म्हणून रसाचे कण बारीक गोळ्यांत बंद करू लागले. आज आपल्या बहुतेक चांगल्या पावडरींत असतात ते हेच. जिवाणू वाढवून वापरणं अहिंसेत कुठं बसतं, हा प्रश्न मी एकदा स्वाध्यायाच्या वर्गात विचारला होता. तिथं बराच वेळ शांतता झाली, आणि मग विषय बदलला.

आता नाजूक कापडाबद्दल, कारण इथंच बायका फसतात, मीही फसले. सुती लेस म्हणजे झाडाचा धागा. पाचक पूड तिला काही करत नाही. पण रेशीम आणि लोकर हीसुद्धा प्रथिनंच. रेशीम किड्याच्या अंगातून आलेलं. पुडीला रक्त कुठलं आणि रेशीम कुठलं हे कळत नाही, ती दोन्ही खाते. लग्नातल्या रेशमी ओढणीवर डाग पडला म्हणून मी ती रात्रभर तसल्या पावडरीत भिजवली. सकाळी डाग गेला होता, आणि त्याच्याबरोबर चकाकीही. हात लावला तर जुन्या कागदासारखी लागली. चूक माझीच, पाकिटावर बारीक अक्षरांत रेशमाला वापरू नका असं छापलेलं होतं. ब्लीचिंगचं पाणी तर रेशमाला आणि लोकरीला त्याहून वाईट. रेशमाला गार पाणी आणि रिठा, एवढंच. पांढऱ्या सुती लेसवर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंब थेंब चालतं, फेस येतो आणि डाग फिका होतो, पण लगेच धुवावं लागतं. रंगीत कापडावर आधी आतल्या शिवणीत लावून बघावं.

बोट टोचल्यावर लगेच आपलीच थुंकी लावावी असं शिवणाऱ्या बायका सांगतात. लाळेतला मुख्य रस पिष्ट पचवतो, रक्त नव्हे. उपयोग होतो तो डाग वाळायच्या आत ओला करून टिपला म्हणून. शास्त्राच्या वेष्टनावर तेही करता येत नव्हतं, हे सांगायला नकोच.

सगळेच डाग काढायचे नसतात, हे मी दिल्लीला राजघाटाजवळच्या गांधी संग्रहालयात बघितलं. बापूंचे शेवटच्या दिवशीचे कपडे तिथं न धुता ठेवले आहेत. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "वाळायच्या आधी कुणी गार पाणीसुद्धा घातलं नाही." बोलून त्यांनाच कसंतरी झालं. मला मात्र त्या अगदी माझ्या आज्जीसारख्या वाटल्या.

आमच्या वेष्टनाचं काय झालं, ते राहिलंच. लेस धुऊन वाळल्यावर एका पाकळीवर तपकिरी सावली उरली होती, शोधल्याशिवाय न दिसणारी. आई नको म्हणाली. आज्जी म्हणाली, "धुतलं ते धुतलं." शेवटी दोघींच्या मनासारखं झालं: लेसचा तो कोपरा कापून आज्जीनं दुसरा विणला, आणि वेष्टन शास्त्रावर गेलं. कापलेला तुकडा माझ्या सुयांच्या डब्यात आहे. नवीन कापडावर काही काढायचं असलं की आधी मी त्याच्यावर करून बघते.