कंसातला आकडा : मोटार कंपनीचा पैसा जातो कुठे?

(जामनेर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही जणांनी खाली उतरतानाच विचारलं, की जामनेरात बसून मोटार कंपनीच्या हिशेबाचं काय करायचं? रास्त प्रश्न आहे. पण आता आपल्याकडेही घरटी एखादा मुलगा मोबाइलवर शेअर घेतो. ज्यांनी घेतले नाहीत त्यांचे पैसे म्युच्युअल फंडातून तिथेच पोचलेत. तेव्हा आपला पैसा तिथे आहे, आणि हिशेब मात्र आपल्याला वाचता येत नाही, अशी आपली अवस्था आहे.

सुरुवात एका बातमीपासून करतो. २०१८-१९ या वर्षात टाटा मोटर्सला एकत्रित हिशेबात सुमारे २८,८०० कोटी रुपयांचा तोटा झाला. त्यातले जवळपास २७,८०० कोटी एकाच कारणाने होते. जग्वार लँड रोव्हर या तिच्या इंग्लंडमधल्या कंपनीने आपल्या मालमत्तेची किंमत ३.१ अब्ज पौंडांनी खाली आणली होती. बातमी आली आणि लोकांनी दोन अर्थ काढले. एक म्हणाला, ‘एका वर्षात एवढे पैसे बुडाले!’ दुसरा म्हणाला, ‘छे, हा कागदावरचा तोटा आहे, खिशातून एक रुपया गेला नाही.’ माझं म्हणणं असं, की दोघेही चुकले. पैसे गेले होते, पण त्या वर्षी नव्हे. ते आधीच्या पाच-सात वर्षांत गेले होते, आणि जाताना एका ठिकाणी नोंदवलेही गेले होते. त्या ठिकाणाचं नाव आहे ‘गुंतवणूक कार्यातून रोख प्रवाह’.

आधी आपल्या शेतावर या. कापूस विकला, पैसे आले. बियाणं, खतं, फवारणी, आखाजीला ठरलेलं सालदाराचं साल, हे पैसे गेले. हे झालं कामकाज. मग विहीर खोदली, ठिबक बसवलं, ट्रॅक्टर घेतला. हे पैसे या हंगामात परत येणार नाहीत, पुढची दहा वर्षं थोडे थोडे येतील. ही गुंतवणूक. आणि सोसायटीचं कर्ज घेतलं किंवा फेडलं, तो तिसरा कप्पा, म्हणजे वित्तपुरवठा. कंपनीच्या रोख प्रवाहाच्या पत्रकात हेच तीन कप्पे असतात. बाहेर जाणारा पैसा तिथे कंसात छापतात.

आता गंमत बघा. गुंतवणुकीच्या कप्प्यात कंसातला मोठा आकडा दिसला की नवखा माणूस घाबरतो. पण ज्या वर्षी तुम्ही विहीर खोदता त्या वर्षी तुमचाही आकडा कंसातच असतो. उलट एखाद्याचा हा आकडा कंसाबाहेर असेल, तर आधी विचारा, की बाबा, शेत तर विकलं नाहीस ना? घर चाललंय, पण वावर विकून, असं असू शकतं.

हे पत्रक फार जुनं नाही. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. रोख प्रवाहाचं पत्रक अमेरिकेत १९८७ साली सक्तीचं झालं. त्यामागे डब्ल्यू. टी. ग्रँट नावाच्या मोठ्या दुकानसाखळीची आठवण होती. ती कंपनी वर्षानुवर्षं नफा दाखवत होती, पण कामकाजातून रोकड येतच नव्हती. १९७५ साली ती दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे सेबीने नोंदणीकृत कंपन्यांना हे पत्रक छापायला १९९५ पासून लावलं, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने ते वार्षिक हिशेबाचाच भाग झालं.

म्हणजे टेल्कोने १९६६ मध्ये पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला कारखाना मांडायला घेतला, तेव्हा असा कप्पाच नव्हता. १९४५ मध्ये जमशेदपूरला स्थापन झालेली ही कंपनी आधी रेल्वे इंजिनं करायची. १९५४ पासून डायमलर-बेंझच्या सहकार्याने ती ट्रक करू लागली. पुण्यात सुमंत मूळगावकरांनी ट्रक करायला लगेच घेतले नाहीत. आधी यंत्रं बनवणारा विभाग उभा केला, शिकाऊ मुलं तयार केली, माळावर झाडं लावली. पुण्याचा पहिला ट्रक बाहेर पडला १९७७ साली. अकरा वर्षं! नुसतं नफा-तोटा पत्रक बघणाऱ्या माणसाला त्या अकरा वर्षांत पुण्यात काय घडतंय ते कळलंच नसतं. आज कळेल. दरवर्षी कंसातला आकडा बोलेल.

त्याच पुण्यात पुढे इंडिका झाली. डिसेंबर १९९८ मध्ये ती बाजारात आली. प्रकल्पाचा खर्च सुमारे १,७०० कोटी. तोही काटकसरीने केलेला, कारण निस्सानने ऑस्ट्रेलियात बंद केलेल्या कारखान्याची जोडणीची लाइन सोडवून, जहाजात घालून पुण्याला आणली होती. पण नेमका ट्रकचा बाजार मंदावला आणि २०००-०१ मध्ये कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. तोपर्यंत तिने असा तोटा कधी पाहिला नव्हता. लोक म्हणाले, गाडीच्या नादात ट्रकवाला बुडाला. तो बुडाला नाही. इंडिका सुधारली, खपली.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. तिची पद्मिनी तुम्ही सगळ्यांनी टॅक्सी म्हणून पाहिली असेल. साठच्या दशकातल्या फियाटच्या आराखड्यावरची ती गाडी नव्वदच्या दशकापर्यंत बनत राहिली. परवाना राज्यात नवी गुंतवणूक करायला परवानगी लागे आणि स्पर्धा नसल्याने गरजही भासत नसे. मारुती आली, मग इतर आल्या, तेव्हा जुनी यंत्रं आणि जुनी गाडी घेऊन उभं राहणं अवघड झालं. म्हणून सांगतो, कंसातला आकडा फार मोठा असणं धोक्याचं, तसं फार लहान असणंही धोक्याचं.

मोठा म्हणजे किती? त्याचं एक सोपं माप आहे. बाजूला घसारा ठेवून बघा. जुनी यंत्रं वर्षाला जेवढी झिजतात, तेवढाच खर्च नव्यावर होत असेल तर कंपनी जागेवर उभी आहे. वर्षानुवर्षं कमी होत असेल तर ती जुन्या पुण्याईवर जगतेय. खूप जास्त होत असेल तर ती काहीतरी मोठं मांडतेय, आणि मग पुढचा प्रश्न विचारायचा : हा पैसा कामकाजातून येतोय की कर्जातून?

आता जग्वारकडे येऊ. फोर्डने १९८९ मध्ये जग्वार सुमारे २.५ अब्ज डॉलरला आणि २००० मध्ये लँड रोव्हर सुमारे २.७ अब्ज डॉलरला घेतली. जून २००८ मध्ये या दोन्ही मिळून टाटा मोटर्सने २.३ अब्ज डॉलरला घेतल्या. एकाने दोन वेळा मोजलं, दुसऱ्याला त्याहून निम्म्याखाली मिळालं. स्वस्तच म्हणायचं. पण पैसा उभा केला होता ३ अब्ज डॉलरच्या अल्पमुदतीच्या कर्जातून, आणि तीन महिन्यांत जगावर मंदी कोसळली. त्याच सुमारास नॅनोचा कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला. कंपनीने हक्कभाग विकले, लोकांकडून मुदत ठेवीसुद्धा घेतल्या. २००८-०९ चा एकत्रित तोटा सुमारे २,५०० कोटी. विहीर चांगली होती, पण ती पीककर्जातून खोदली आणि पाणी लागायच्या आधी हप्ता आला.

पाणी लागलं. चीनमध्ये महागड्या गाड्यांना मागणी आली आणि पुढची काही वर्षं जग्वार लँड रोव्हरनेच टाटा मोटर्सला पोसलं. मग तिने हात सैल सोडला. २०१४ मध्ये चीनमध्ये भागीदारीतला कारखाना, २०१६ मध्ये ब्राझील, २०१८ मध्ये स्लोव्हाकिया. २०१७-१८ या एका वर्षात तिची एकूण गुंतवणूक ४ अब्ज पौंडांच्या वर गेली.

इथे एक बारीक मुद्दा आहे, तो नीट ऐका. नवी गाडी तयार करताना अभियंत्यांचे पगार, चाचण्या, नमुने यांवर प्रचंड खर्च होतो. आंतरराष्ट्रीय आणि भारतीय हिशेब पद्धतीत, संशोधनाचा टप्पा संपून विकासाचा टप्पा सुरू झाला आणि ठरावीक अटी पुऱ्या झाल्या, की हा खर्च मालमत्ता म्हणून मांडता येतो. म्हणजे तो त्या वर्षीच्या नफ्यातून वजा होत नाही, गुंतवणुकीच्या कप्प्यात जातो. अमेरिकी पद्धतीत असा बहुतेक खर्च त्याच वर्षी नफ्यातून जातो. दुसरीकडे फोर्ड ग्राहकांना गाडीसाठी जे कर्ज देते, तेही गुंतवणुकीच्या कप्प्यात दाखवते. त्यामुळे टाटांचा आणि फोर्डचा कंसातला आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका. दोघांची मापं वेगळी आहेत.

तर मालमत्ता फुगत गेली, नफा चांगला दिसत राहिला. २०१८ मध्ये चीनची मागणी घसरली, युरोपात डिझेल गाड्यांवरून लोकांचं मन उडालं, ब्रेक्झिटची अनिश्चितता आली. कंपनीला कबूल करावं लागलं, की या मालमत्तेतून आपण धरली होती तेवढी कमाई येणार नाही. ती कबुली म्हणजे ते २७,८०० कोटी. मार्च २०२० मध्ये शेअर सत्तर रुपयांच्याही खाली होता. तेव्हा घाबरून विकणारे होते, तसे ‘कागदावरचाच तोटा’ म्हणत सगळी पुंजी लावणारेही होते. दोघांनीही मागच्या पाच वर्षांचा हा एक कप्पा वाचला असता, तर निदान आपण कशावर पैज लावतोय ते कळलं असतं.

आता मारुतीकडे बघा. तिचाही आकडा बऱ्याचदा मोठा कंसात असतो. पण ओळी वाचल्या तर दिसतं, की त्यातला बराच पैसा म्युच्युअल फंडात ठेवलेला असतो. तो खर्च झालेला नाही. आपण कापसाचे पैसे बँकेत मुदतीने ठेवतो, तसाच आहे. म्हणून बेरीज वाचू नका, ओळी वाचा. आणि ओळीत न दिसणारंही असतं. २०२३ मध्ये मारुतीने सुझुकीचा गुजरातमधला कारखाना सुमारे १२,८४० कोटींना घेतला. पण मोबदला रोखीत दिला नाही, नवे शेअर दिले. रोकड हललीच नाही, म्हणून रोख प्रवाहात तो आकडा नाही. तो टिपांमध्ये शोधावा लागतो.

टाटांची गोष्ट पुढे चालूच आहे. २०२१ मध्ये विजेच्या गाड्यांसाठी वेगळी कंपनी काढून बाहेरच्या गुंतवणूकदारांकडून ७,५०० कोटी घ्यायचं ठरलं. जानेवारी २०२३ मध्ये फोर्डचा साणंदचा कारखाना ७२५.७ कोटींना घेतला. त्याच वर्षी टाटा टेक्नॉलॉजीजचे काही शेअर विकून सुमारे २,३०० कोटी आले. निस्सानची लाइन, फोर्डची जग्वार, फोर्डचंच साणंद. एकाने कंसात घातलेला पैसा दुसऱ्याला स्वस्तात मिळालेला आहे. मोटारीच्या धंद्याचा इतिहास बराचसा असाच आहे.

आपली पाचोरा-जामनेर छोटी गाडी आठवा. रूळ टाकणाऱ्याने पैसा एकदाच घातला, आणि पिढ्यांनी त्यावर प्रवास केला. तो पैसा शहाणपणाने घातला की नाही, हे त्या वर्षीच्या तिकिटांवरून कळलं नसतं. कारखान्याचंही तसंच.

घरी गेल्यावर एक करा. ज्या कंपनीचे शेअर तुमच्याकडे आहेत, तिचा वार्षिक अहवाल उघडा. पाच वर्षांचा हा कप्पा एका कागदावर उतरवा. शेजारी घसारा लिहा, त्याच्या शेजारी कामकाजातून आलेली रोकड लिहा. तीन रकाने, पाच ओळी. कागद भरून झाला, की मग शेअर ठेवायचा की विकायचा ते ठरवा.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.