वैद्याची सनद आणि मद्याचा गुन्हा

वैद्याचें नांव सरकारमान्य नोंदपुस्तकांत असणें म्हणजे समाजानें विश्वासानें आपला देह त्याच्या हातीं सोपविणें होय. तोच वैद्य मद्य पिऊन मोटार हांकल्याबद्दल न्यायालयांत दोषी ठरला, तर हा विश्वास कायम राहतो काय? अंधेरी-घाटकोपरच्या रस्त्यांवर रात्रींची नाकाबंदी पाहणाऱ्यांस हा प्रश्न आजचा वाटेल. पण त्याचें मूळ जुनें आहे.

इंग्लंडांत १८५८ च्या कायद्यानें वैद्यांची नोंदणी सुरू झाली. गुन्ह्याची शिक्षा आणि व्यवसायास काळिमा लावणारें वर्तन हीं नांव काढून टाकण्याचीं कारणें ठरलीं. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील वैद्यक परिषदेनें मद्याच्या गुन्ह्यांबाबत, मोटारीचे गुन्हे धरून, एक शिरस्ता ठेविला होता: पहिल्या शिक्षेस ताकीदपत्र, पुन्हा शिक्षा झाल्यास चौकशी.

मुंबई इलाख्यांत वैद्यांची नोंदणी १९१२ च्या कायद्यानें आली. १९३९ सालीं मोटारवाहनांचा कायदा झाला व नशेंत गाडी हांकणें गुन्हा ठरलें. त्याच वर्षीं १ ऑगस्टला मुंबई शहरांत दारूबंदी आली. ती आणणारे आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः नामांकित हृदयरोगतज्ज्ञ होते. पुढें १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या अमलांत संशयिताचें रक्त काढण्याचें काम नोंदणीकृत वैद्याकडे आलें. दुसऱ्याच्या नशेचा साक्षीदार म्हणून कायदा ज्याच्याकडे पाहतो, तोच आरोपी झाला तर काय, हा प्रश्न त्यामुळें अधिकच टोचूं लागतो.

याचें उत्तर महाराष्ट्राच्या १९६५ च्या वैद्यक परिषद कायद्यांत शोधावें लागतें. त्यानुसार शिक्षा झालेला गुन्हा दखलपात्र असावा आणि त्यांत नैतिक अधःपतनही असावें, तरच ती शिक्षा गैरवर्तन ठरते. १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य घेऊन गाडी हांकणाऱ्यास पोलीस विनावॉरंट पकडूं शकतात. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपये झाला. म्हणजे पहिली अट पुरी होते. अडते तें दुसरीपाशीं. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ मध्यें नैतिक अधःपतन म्हणजे मुळांतच नीच व दुष्ट वर्तन, असा अर्थ लाविला. एका रात्रीचा प्याला त्यांत बसतो काय? म्हणूनच शिक्षेसरशी सनद आपोआप जात नाहीं. परिषद चौकशी करते. मग ताकीद देते, कांहीं काळ नांव काढते किंवा कायमचें काढते.

तथापि हा गुन्हा हलका मानणें आम्हांस मान्य नाहीं. १२ नोव्हेंबर २००६ रोजीं वांद्र्याच्या कार्टर रोडवर रस्त्याकडेला झोंपलेले सात मजूर अशाच एका गाडीखालीं ठार झाले. चालक वैद्य नव्हता. त्याची तीन वर्षांची शिक्षा २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कायम केली. नाक्यावर पकडला गेलेला आणि तो चालक यांच्यांत पुष्कळदां अंतर असतें तें शीलाचें नव्हे, दैवाचें.

म्हणून परिषदेनें केवळ गुन्ह्याचें नांव पाहूं नये. हा एका रात्रीचा प्रमाद, कीं जडलेलें व्यसन, हें पहिल्या शिक्षेच्या वेळींच विचारावें. प्रमाद असेल तर ताकीद पुरे. व्यसन असेल तर वैद्यास उपचारार्थ दूर ठेवावें. त्यांत रोग्याचें रक्षण आहे, आणि वैद्याचेंही.