मुंडासें, खोळ आणि सायकलस्वार

दुसऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ दिसतें, पण स्वतःच्या डोळ्यांतलें मुसळ दिसत नाहीं, अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. ती माणसाच्या दोष काढण्याच्या वृत्तीविषयीं आहे, हें खरें. परंतु जी गोष्ट लोकांच्या नित्य अनुभवांतील नाहीं तिची म्हण होत नाहीं. डोळ्यांत कुसळ जाणें, धुळीनें नाक भरणें, गार वाऱ्यानें कान बधिर होणें, या गोष्टी वाट चालणाऱ्या आणि रानांत राबणाऱ्या माणसाच्या रोजच्याच होत्या. त्यांवर त्यानें काय उपाय केले, आणि पुढें सायकल आली तेव्हां त्या उपायांचें काय झालें, याची बखर कोणी लिहिलेली नाहीं. ती माणसाच्या डोकीवरील कापडांतच वाचावी लागते. अशा वाचनास पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगांव हे दोन तालुके फार सोयीचे आहेत.

या दोन तालुक्यांची ठेवणच तशी आहे. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा कोंकणांत सरळ तुटलेला; मध्यें कुकडी, मीना आणि घोड या नद्यांचीं खोरीं; आणि पूर्वेस बेल्ह्याच्या बाजूस मोकळें, कोरडें माळरान. घाटमाथ्यावर, भीमाशंकराच्या अरण्यांत, पावसाळ्याचे चार महिने धुकें आणि पाऊस यांखेरीज दुसरें कांहीं दिसत नाहीं. खोऱ्यांत हिंवाळ्याच्या पहाटे डोंगरउतारावरील गार हवा खालीं सांचते आणि नदीकांठच्या गांवांवर धुक्याची दुलई पसरते. पूर्वेकडे उन्हाळ्यांत वावटळी उठतात व रस्त्याची माती माणसाच्या तोंडावर आणून टाकतात. म्हणजे पाऊस, थंडी आणि धूळ हे चेहऱ्याचे तिन्ही शत्रु एका दिवसाच्या सायकलप्रवासाच्या टप्प्यांत येथें नांदत आहेत.

यांतील वाऱ्याचा मान नाणेघाटाचा. कोंकणांतून येणारा पावसाळी वारा कड्यावर आदळतो, त्यास पुढें जावयास वाट मिळत नाहीं, आणि तो कड्याच्या अंगानें वर उसळतो. त्याचा जोर इतका असतो कीं, कड्यावरून खालीं पडणारें पाणी तो पुन्हां माथ्यावर उडवितो. उलटा धबधबा म्हणून लोक जो पाहावयास जातात तो हाच. याच घाटानें दोन हजार वर्षांपूर्वीं कल्याण व सोपारा या बंदरांचा माल जुन्नरावरून पैठणास जात असे. घाटांतील लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे, आणि माथ्यावर दगडी रांजण आहे, ज्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असें परंपरा सांगते. लेखांत यज्ञ आहेत, दानें आहेत, गाईंची आणि कार्षापणांची मोजदाद आहे. परंतु बैलांच्या पाठीवर माल लादून त्या वाऱ्यांतून वर चढणाऱ्या माणसानें आपलें तोंड कशानें झांकलें होतें, हें त्यांत नाहीं. दगडावर दान कोरलें जातें, फडकें कोरलें जात नाहीं.

पुढें पंधराव्या शतकांत एका परक्या माणसाची नजर या फडक्यावर पडली. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास चौल बंदरांत उतरला आणि विक्रीसाठीं आणलेला एक घोडा घेऊन जुन्नरास आला. जुन्नरच्या बहामनी सरदारानें तो घोडा कांहीं काळ हिरावून घेतला होता, ही हकीकत त्यानें सविस्तर लिहिली आहे. त्याच्या टिपणांत दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. एक अशी कीं, जुन्नरच्या पावसाळ्यालाच तो हिंवाळा म्हणतो, आणि चार महिने रात्रंदिवस पाणी व चिखल असल्याचें सांगतो. रशियाच्या बर्फांत वाढलेल्या माणसाला घरीं कोंडून घालणारा ऋतु म्हणजेच हिंवाळा, असें वाटलें असल्यास नवल नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, चौलास उतरतांच येथल्या लोकांचा पोशाख पाहून तो चकित झाला. मोठ्या माणसाच्या अंगावर देखील एक वस्त्र डोकीला व एक कमरेला, एवढेंच त्याला दिसलें. त्याला तें अपुरें वाटलें. परंतु जें वस्त्र बांधतां येतें, सोडतां येतें, पिळतां येतें आणि पुन्हां निराळ्या तऱ्हेनें गुंडाळतां येतें, तें एकच असलें तरी अनेकांचें काम करतें, हें त्याच्या ध्यानांत आलें नसावें.

या प्रदेशांतील शेतकऱ्यानें तीन शत्रूंसाठीं तीन साधनें योजिलीं. पावसासाठीं इरलें आणि घोंगडी. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पानें बसवून केलेलें इरलें डोकीवर घेतलें म्हणजे पाठ व मान कोरडी राहते आणि भातलावणीस दोन्ही हात मोकळे राहतात. घोंगडी ही दख्खनी मेंढीच्या लोंकरीची. धनगर आणि सणगर ती विणतात, आणि सुताला चिंचोक्याची खळ लावल्यानें नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते. तिचें एक टोंक आंत दुमडून डोकीवर घेतलें म्हणजे तिची खोळ होते. लोंकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ शोषून घेऊनही अंगाला ओली लागत नाहीं, शिवाय ओलावा शोषतांना थोडी ऊबही देते. मेंढपाळाला हें शास्त्र सांगावें लागत नाहीं. तो पावसांत खोळीच्या आंत उभा असतो. थंडीसाठीं आणि धुळीसाठीं मुंडासें. त्याचा एक फेरा कानांवरून घेतला, कीं कानांची सोय झाली. शेव नाकावरून ओढून खोंचला, कीं नाकाची झाली. खळ्यावर उफणणी चालली असतां बायकांचा पदर हेंच काम करतो.

या सर्व योजनेंत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ती म्हणजे माणूस चालतो. चालणारा मनुष्य तासाला पांच किलोमीटर जातो. त्याच्या चालण्यानें वारा असा उत्पन्न होतच नाहीं. वारा येईल तो बाहेरून येईल, आणि त्याकडे पाठ करतां येईल. खोळ पाठीकडून असते आणि इरलें मागें उतरतें, याचें कारण हेंच.

सायकलीनें ही गोष्ट उलटी केली. इंग्लंडांत जे. के. स्टार्ले यानें सारख्या चाकांची आजच्या घडणीची सायकल १८८५ सालीं बाजारांत आणली आणि १८८८ सालीं डनलॉपनें हवेची धांव शोधून काढली. त्याच १८८८ सालीं किर्लोस्कर बंधूंनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान घातलें. मोठ्या उद्योगाचा तो आरंभ होता. विलायती सायकल त्या काळीं श्रीमंतांची चैन होती. पुढें ती स्वस्त होत गेली, आणि पुणें शहर तर सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाऊं लागलें. १९२३ सालीं मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तीन तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि इराण व इराकचीं वाळवंटें ओलांडून, दुनिया फिरून १९२८ सालीं परत आले. अशा पराक्रमाच्या वार्ता वर्तमानपत्रांत येत होत्या. परंतु खेड्यांत सायकल पोंचली ती पराक्रमासाठीं नव्हे. मास्तर, टपालवाला आणि दूधवाला हे तिचे खरे स्वार. यांना ऋतु पाहून निघतां येत नाहीं. शाळेची घंटा, टपालाची वेळ आणि दुधाचा नास हे कोणासाठीं थांबत नाहींत.

सायकलस्वार ज्या वाऱ्यांतून जातो तो त्याचा त्यानेंच निर्माण केलेला असतो. हवा अगदीं पडलेली असली तरी तासाला वीस किलोमीटर वेगानें जाणाऱ्याच्या तोंडावर वीस किलोमीटरचा वारा येतो; समोरून तेवढाच वारा असला तर चाळीसचा. आणि त्याच्याकडे पाठ फिरवितां येत नाहीं. पॉल सायपल व चार्ल्स पॅसेल या अमेरिकन संशोधकांनीं १९४०-४१ च्या सुमारास दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशांत पाणी गोठण्यास लागणारा वेळ मोजून वाऱ्यानें थंडी किती वाढते याचें गणित बसविलें. २००१ सालीं कॅनडा व अमेरिका यांनीं तें सुधारलें, आणि त्या वेळीं कसोटीस धरला तो माणसाचा चेहराच. कारण अंगाचा तोच भाग उघडा राहतो. त्या गणिताप्रमाणें दहा अंश उष्णतेच्या पहाटे तासाला वीस किलोमीटरच्या वाऱ्यांत चेहऱ्याला सुमारें सात अंशांची थंडी लागते, आणि चाळीसच्या वाऱ्यांत सहा अंशांची. आंकडे लहान दिसतात. परंतु नारायणगांवाहून पहाटे निघालेल्या दूधवाल्याला ते तासभर सोसावयाचे असतात.

आतां जुन्या साधनांची परीक्षा झाली. इरलें पहिल्याच फेरींत बाद झालें. तें वाऱ्यांत शिडासारखें फुगतें आणि स्वाराला मागें ओढतें. खोळीचीही गत तीच. ती फडफडते, आणि मान वळविली तरी डोळ्यांपुढें तिचीच कड येते, त्यामुळें बाजूनें येणारी गाडी दिसत नाहीं. टिकलें तें मुंडासें, कारण तें डोकीला घट्ट बसतें. त्याचाच भाऊ म्हणजे गळपट्टा. बाहेरून आलेली आणखी एक वस्तु येथें लगेच रुळली, ती म्हणजे माकडटोपी. क्रिमियाच्या युद्धांत १८५४ सालीं बालाक्लाव्हा येथें लढाई झाली. इंग्रज या टोपीला त्याच गांवाचें नांव देतात. डोकें, कान आणि हनुवटी एका विणकामांत झांकणारी ही टोपी मुंडाशाचाच शिवलेला अवतार असल्यामुळें ती कोणास परकी वाटली नाहीं.

परंतु वेगानें एक नवें संकटही आणलें. सैल शेव चाकांत जाऊं शकतो. प्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन हिचा १९२७ सालीं फ्रान्समधील नीस येथें अंत झाला तो असाच. उघड्या मोटारींत बसलेली असतां तिच्या गळ्यांतील लांब रुमाल मागच्या चाकांत गुंतला. सायकलचें चाक तेवढें प्रबळ नसतें. तथापि शेव दोन्ही बाजूंनीं आंत खोंचून गांठ मारावी हा नियम तेथेंही तितकाच खरा. कान झांकावे, परंतु मागच्या गाडीचा भोंगा ऐकूं येणार नाहीं इतके घट्ट बांधूं नयेत, हाही दुसरा नियम.

एवढ्यानें कान राखले, नाक राखलें, गळा राखला. डोळा मात्र उघडाच राहिला. चालणाऱ्याला डोळ्यांसाठीं निराळें साधन लागत नसे. धूळ आली कीं तो पापणी मिटून क्षणभर उभा राहतो. सायकलस्वाराला डोळे मिटतां येत नाहींत. त्याच्या डोळ्यांत चिलट, बाजरीचें कुसळ, उसाच्या गाडींतून उडालेल्या पाचटाचा तुकडा येतो तो आपल्या वेगासह स्वाराचाही वेग घेऊन येतो. पूर्वींच्या मोटारी उघड्या होत्या, तेव्हां त्यांत बसणाऱ्यांनीं मोठमोठे गॉगल घातले. तसला गॉगल कोणी सायकलवर घातला, तर खेड्यांत तो ऐटीचा ठरतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या स्वार डोळे बारीक करून, मान खालीं घालून गेले.

ही उणीव क्षुल्लक नाहीं. शेतांतल्या काडीकचऱ्यानें बुबुळावरचा पडदा ओरखडला, तर त्या ओरखड्यांतून बुरशी आंत शिरते, व्रण होतो, आणि तो बरा झाला तरी मागें पांढरा डाग राहतो. डोळ्यांत फूल पडलें, असें लोक म्हणतात तें पुष्कळदां हेंच. भारतांत दृष्टि जाण्याच्या कारणांत याची गणना मोठी आहे. घरोघरीं उपाय होतो तो डोळा चोळण्याचा, किंवा आई पदराच्या बोळ्यावर वाफ सोडून शेकते तो. शेक मायेचा असतो. चोळणें मात्र घातक. नेपाळांत भक्तपूर येथें झालेला अभ्यास २००१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें कीं, ओरखडा उठतांच लवकर साधें जंतुनाशक मलम मिळालेल्या लोकांचे व्रण बहुधा टळले. म्हणजे डोळा जातो तो कुसळानें जितका, तितकाच उशिरानें आणि दुर्लक्षानें जातो.

आज जुन्नर-आंबेगांवच्या रस्त्यांवर मोटारसायकली आल्या आहेत. घोडेवर डिंभें येथें धरण झालें, जुनें आंबेगांव गांव पाण्याखालीं गेलें आणि तालुक्याला त्याचें नांव तेवढें उरलें. नांव राहिलें तसें मुंडासेंही राहिलें. तें कोठें शिरस्त्राणाच्या आंत गेलें, कोठें पुण्याच्या मुलींच्या स्कार्फांत आलें. शिरस्त्राणाची कांच हें या वाटांवरील पहिलें असें आवरण आहे, ज्यानें इतर सर्वांबरोबर डोळाही झांकला. परंतु शाळेस सायकलनें जाणाऱ्या मुलाला शिरस्त्राण नसतें. त्याच्या गळ्यांत आजीनें विणलेला गळपट्टा असतो, कानांवर टोपी असते, आणि डोळे उघडे असतात. त्याला एक साधा, बिननंबरी, पांढऱ्या कांचेचा चष्मा मिळाला, तर दोन हजार वर्षें अपुरें राहिलेलें काम पुरें होईल. नाणेघाटाच्या कड्यावर ज्याला वाऱ्याकडे पाठ करतां येत होती त्याचें निभावलें. ज्याला समोरच पाहावयाचें आहे त्याचे डोळे राखणें हें घरच्या वडील माणसांचें काम आहे.