डस्टऑफचे चौघे

रणांगणावरील जखमींस हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचा उपक्रम 1944 साली ब्रह्मदेशाच्या अरण्यात प्रथम झाला, कोरियात तो रुळला. तथापि त्याची पुरती किंमत कळून आली ती व्हिएतनामात. दोन वैमानिक, एक यंत्रज्ञ आणि एक शुश्रूषक अशा चौघांची अमेरिकन पथके तेथे 'डस्टऑफ' या बिनतारी संकेतनामाने ओळखली जात. 1964 च्या प्रारंभी मेजर चार्ल्स केली यांच्याकडे 57 व्या वैद्यकीय तुकडीची मुखत्यारी आली, तेव्हा ही यंत्रे एरव्ही इतर कामांस जुंपावी आणि रेडक्रॉसचे चिन्ह हवे तेव्हा लावावे, नको तेव्हा काढावे, अशी तजवीज वरिष्ठांच्या मनात घोळत होती (कागदी कारभाराला असल्या युक्त्या नेहमीच सुचतात!), केलींनी तिला मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात अहोरात्र उड्डाणे करून उत्तर दिले. 1 जुलै रोजी विन्ह लाँगनजीक, गोळीबारामुळे परतण्याचा इशारा मिळूनही, जखमी हाती आल्यावाचून निघण्यास त्यांनी नकार दिला, आणि उघड्या दारातून आलेल्या एका गोळीने त्यांचा प्राण घेतला. यंत्र कोसळले, सहकारी बचावले. पुढील कित्येक पथकांच्या नशिबी तेवढेही नव्हते, कारण शत्रूच्या माऱ्याने हेलिकॉप्टर गमावण्याचे या फेऱ्यांतील प्रमाण इतर कामगिऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या काळ्या ग्रॅनाइट भिंतीवर मृतांची नावे दिनांकक्रमाने, हुद्द्याचा उल्लेख न करता कोरलेली असल्याने, एकाच दिवशी पडलेले वैमानिक व शुश्रूषक तेथे परस्परांच्या निकटच सापडतात; या पथकांना काँग्रेसचे सुवर्णपदक देण्याचा कायदा मात्र 2024 साली, केलींच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी झाला.